चावणारा बूट आणि अनवाणी पाय

लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी बूट कोणते घ्यावेत, असा विषय निघाला की गप्पांत एक नाव हमखास येते. ते म्हणजे इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचे. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्याने मॅरेथॉन अनवाणी जिंकली. मग कोणीतरी निष्कर्ष काढतो की महागडे बूट हे कंपन्यांचे खूळ आहे, पाय मोकळेच बरे. दुसरा म्हणतो की तो माणूसच वेगळ्या मातीचा होता, आपल्याला ते जमणार नाही. दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य आहे, पण मूळ गोष्ट दोघांच्याही हातून निसटते. अबेबे बुटाच्या विरोधात नव्हता. त्या दिवशी मिळालेला नवा बूट त्याच्या पायाला बसला नाही, एवढेच घडले होते. चार वर्षांनी पायाला बसणारा बूट मिळाला, तेव्हा तो घालून तो पुन्हा जिंकला. बूट निवडताना नेमके काय पाहायचे, हे त्याच्या आयुष्यातून फार चांगले समजते.

अबेबेचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ चा, इथिओपियातील शेवा प्रांतातल्या जाटो या खेड्यातला. योगायोग असा, की त्याच दिवशी तिकडे लॉस एंजेलिस ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावली जात होती. इथिओपियात आपल्यासारखे आडनाव नसते. बिकिला हे त्याच्या वडिलांचे नाव, म्हणून त्याला अबेबे म्हणणेच योग्य. तो लहान असतानाच, १९३५ मध्ये, इटलीने इथिओपियावर स्वारी केली आणि १९३६ मध्ये राजधानी अदिस अबाबा ताब्यात घेतली. युद्धाच्या धामधुमीत त्याच्या कुटुंबाला घर सोडून दूरच्या गावी राहावे लागले. डोंगराळ मुलखात जनावरे राखत, मैलोन्‌मैल चालत त्याचे बालपण गेले. हे सगळे चालणे-धावणे अनवाणी होते. पुढे तरुणपणी तो सम्राट हैले सेलासी यांच्या शाही रक्षक दलात शिपाई झाला.

या दलातील जवानांना शारीरिक शिक्षण देण्यासाठी ओन्नी निस्कानेन हे स्वीडनचे प्रशिक्षक इथिओपियात आले होते. जवानांच्या गर्दीतून त्यांनी अबेबेला हेरले. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून २३०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत वाढलेल्या शरीराला निस्कानेन यांनी शिस्तीच्या सरावाची जोड दिली. या सरावात काही धावणे बुटात होई, तर काही अनवाणी. म्हणजे रोममध्ये अबेबे अनवाणी उभा राहिला तो एखादा प्रयोग करून पाहण्यासाठी नव्हे. त्याच्या पायांना दोन्ही प्रकार ठाऊक होते.

रोमला पोहोचल्यावर प्रश्न उभा राहिला तो बुटांचा. हाताशी असलेले नवे बूट त्याच्या पायाला नीट बसेनात. ते चावू लागले. शर्यत तोंडावर आलेली. नवा बूट पायाला सवयीचा होण्यास अवधी नव्हता. चावणारा बूट घालून ४२.१९५ किलोमीटर धावायचे, की सवयीच्या अनवाणी पायांनी? अबेबे आणि निस्कानेन यांनी दुसरा पर्याय निवडला.

हा निर्णय किती शहाणपणाचा होता, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करू. धावताना माणूस मिनिटाला साधारण १६५ ते १८० पावले टाकतो. सव्वादोन तासांत शर्यत संपवणाऱ्या अबेबेचाही प्रत्येक पाय सुमारे बारा हजार वेळा जमिनीवर पडला असणार. आपल्याकडचा हौशी धावपटू साडेचार तास घेतो, तेव्हा त्याचा प्रत्येक पाय वीस हजारांहून अधिक वेळा पडतो. प्रत्येक वेळी शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार तळव्यावर येतो. दुकानात दोन पावले टाकताना जो बूट किंचित टोचतो, तो वीस हजार वेळा टोचला तर काय होईल, याची कल्पना यावरून करता येईल.

फोड येतो तो नुसत्या वरवरच्या घासण्याने नाही. बूट त्वचेला एका दिशेने ओढतो आणि आतले हाड दुसऱ्या दिशेने सरकते. मध्ये सापडलेल्या त्वचेच्या थरांवर कातरल्यासारखा ताण येतो. हा ताण पुन्हा पुन्हा आला की बाह्यत्वचेचे थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरते. घामाने ओली झालेली त्वचा बुटाला अधिक चिकटते, त्यामुळे ताण आणखी वाढतो. एकदा फोड आला की धावणारा नकळत पाय वाकडा टाकू लागतो. मग दुखणे तळव्यापुरते न राहता घोट्यात, गुडघ्यात, कमरेत शिरते.

१० सप्टेंबर १९६० च्या संध्याकाळी, उन्हे उतरल्यावर, कॅपिटोलिन टेकडीपाशी मॅरेथॉन सुरू झाली. अबेबे हे नाव तेव्हा कोणाच्या खिजगणतीतही नव्हते. साधारण निम्मे अंतर होईपर्यंत मोरोक्कोचा रादी बेन अब्देसलाम आणि तो असे दोघेच पुढे निघून गेले. अंधार पडला. जुन्या अॅपियन मार्गावर सैनिक मशाली धरून उभे होते आणि त्या उजेडात हे दोघे खांद्याला खांदा लावून धावत होते. वाटेत अक्सुमचा दगडी स्तंभ लागत असे. इटलीच्या फौजांनी १९३७ मध्ये तो इथिओपियातून उचलून रोमला आणला होता. शेवट जवळ आला असताना, त्या स्तंभाच्या परिसरातच, अबेबेने वेग वाढवला. कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली तो २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत पोहोचला. रादी त्याच्या २५ सेकंद मागे होता. ही तोवरची जगातील सर्वांत वेगवान मॅरेथॉन होती आणि ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारा अबेबे हा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी धावपटू ठरला. ज्या देशाने आपला देश तुडवला, त्याच्याच राजधानीत शाही रक्षक दलाचा एक जवान अनवाणी पायांनी जिंकला होता. ही बातमी जगभर पोहोचली, आणि तेव्हापासून अबेबे म्हणजे अनवाणी, असे समीकरण होऊन बसले.

त्या पायांत असे काय होते? लहानपणापासून अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्याला जाड घट्टा येतो. तो निसर्गाने दिलेला सोलच म्हणायचा. २०१९ मध्ये केनिया आणि अमेरिकेतील लोकांच्या पायांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की घट्टा जाड झाला तरी तळव्याची स्पर्शाची जाणीव बोथट होत नाही. जाड गादीच्या बुटात मात्र जमीन तितकीशी कळत नाही. शिवाय अनवाणी धावण्याची सवय असलेले पुष्कळ जण टाच आपटण्याऐवजी चवड्यावर किंवा तळव्याच्या मध्यभागी पाय टाकतात. त्यामुळे पाय पडताक्षणी बसणारा हादरा कमी होतो.

पण इथे एक मेख आहे. हादरा कमी झाला म्हणून भार नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. टाच आणि गुडघ्यावरचा ताण पोटरी, टाचेमागची शीर आणि पावलाच्या लांब हाडांवर जातो. अबेबेच्या या अवयवांना वीस-पंचवीस वर्षे तशी सवय होती. आयुष्यभर बूट घालून वावरलेल्या माणसाने एके दिवशी बूट काढून दहा किलोमीटर धावायचे ठरवले, तर पोटरी आणि पावलाची हाडे कुरकुर करणारच. २०१० च्या सुमारास अनवाणी धावण्याची मोठी लाट आली. एका कंपनीने तर पाच बोटांच्या मोज्यासारख्या दिसणाऱ्या पातळ बुटाला बिकिलाचेच नाव दिले. लोक उत्साहाने पातळ बुटांकडे वळले आणि त्यातले काही जण पावलाच्या हाडांची दुखणी घेऊन डॉक्टरांकडे गेले. दहा आठवड्यांत पातळ बुटांकडे वळलेल्या धावपटूंच्या पायांची एमआरआय तपासणी करणाऱ्या एका अभ्यासात, अनेकांच्या पावलांच्या हाडांत सूज आढळली. नाव अबेबेचे घेतले गेले, पण त्याच्या पायांमागची वीस वर्षे कोणी मोजली नाहीत.

अबेबे स्वतः मात्र अनवाणीपणाला चिकटून राहिला नाही. १९६१ मध्ये तो जपानमध्ये ओसाका येथील मॅरेथॉनसाठी गेला आणि ती जिंकला. तिथे किहाचिरो ओनित्सुका हे बूट बनवणारे कारखानदार त्याला भेटले आणि त्यांनी आपल्याकडचे बूट घालून पाहण्याचा आग्रह धरला. ओनित्सुका यांनी १९४९ मध्ये कोबे शहरात आपली कंपनी काढली होती आणि मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या फोडांचा प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत होता. बुटाच्या आत साठणारी उष्णता आणि ओल बाहेर गेली तर फोड कमी होतील, या विचाराने त्यांनी हवा खेळती ठेवणारी छिद्रे असलेला धावण्याचा बूट तयार केला होता. आज धावण्याच्या बुटांचा वरचा भाग जाळीदार असतो, त्यामागचे तर्कशास्त्र हेच.

१९६३ मध्ये बोस्टनला अबेबे पाचवा आला. पुढच्या वर्षी टोकियो ऑलिम्पिक होते. स्पर्धेला जेमतेम पाच आठवडे उरले असताना त्याचे अपेंडिक्स दुखावले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तो धावेल की नाही, याचीच शंका होती. २१ ऑक्टोबर १९६४ रोजी तो पांढरे मोजे आणि पांढरे बूट घालून सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिला. हे बूट प्युमा कंपनीचे होते. निम्म्या अंतरानंतर तो एकटाच पुढे होता. २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद अशी नवी विक्रमी वेळ नोंदवून तो स्टेडियममध्ये आला आणि थकून कोसळण्याऐवजी मैदानातल्या हिरवळीवर व्यायाम करू लागला. दुसऱ्या क्रमांकाचा ब्रिटनचा बेसिल हीटली चार मिनिटांहून अधिक मागे होता. लागोपाठ दोन ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकणारा अबेबे हा पहिलाच.

म्हणजे रोममध्ये अनवाणी २ तास १५ मिनिटे आणि टोकियोत बुटात २ तास १२ मिनिटे. ही तीन मिनिटे बुटाने दिली का? तसे म्हणता येणार नाही. मार्ग वेगळा, हवामान वेगळे आणि दरम्यान चार वर्षांचा अनुभव. एका माणसाच्या दोन शर्यती म्हणजे प्रयोग नव्हे. प्रयोगशाळेतील मोजमापे सांगतात की बुटाचे वजन प्रत्येकी शंभर ग्रॅमने वाढले तर धावण्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे एक टक्क्याने वाढते. अनवाणी माणसाचे हे वजन वाचते. पण गादी नसल्यामुळे हादरा झेलण्याचे काम स्नायूंना करावे लागते आणि वाचलेली ऊर्जा तिथे खर्ची पडते. त्यामुळे हलका, बेताच्या गादीचा बूट घालणाऱ्याचे नुकसान होत नाही. थोडक्यात, दोन्ही वेळी पायाला सवयीचे होते तेच अबेबेने निवडले. त्याच्याकडून उचलायचा धडा हाच.

आजच्या संशोधनाचा कलही तिकडेच आहे. पूर्वी दुकानात पायाचा ठसा घेऊन सपाट पायाला अमुक बूट, उंच कमानीला तमुक बूट, असे सांगत. २००९-१० च्या सुमारास अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन दलातील नव्या भरतीच्या जवानांवर हे तपासले गेले. एका गटाला तळव्याच्या आकारानुसार बूट दिले, दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. याउलट २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातील सैनिकांना बुटात घालायचे वेगवेगळे इनसोल देऊन, सोयीचे वाटेल ते निवडायला सांगितले. इनसोल न वापरणाऱ्या सहकाऱ्यांपेक्षा त्यांना दुखापती कमी झाल्या. पायाला जे सोयीचे वाटते ते बहुधा त्याच्या नैसर्गिक हालचालीला मानवते, असे या क्षेत्रातील काही संशोधक मानतात. हा विचार अजून पूर्ण सिद्ध झालेला नाही, पण खरेदीला जाताना हाताशी ठेवावा असा नक्कीच आहे.

मात्र सोय पाहायची तर ती नीट पाहावी लागते. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगते आणि लांब धावण्यातही ते तसेच फुगते. धावताना घालता तेच मोजे बरोबर न्यावेत. सुती मोजे घाम धरून ठेवतात. मुंबईच्या दमट हवेत धावणाऱ्यांनी ते टाळलेलेच बरे. दोन्ही बूट घालून, नाड्या बांधून उभे राहावे. पुष्कळांचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा मोठे असते, म्हणून नंबर मोठ्या पावलाचा घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. काहींचे अंगठ्याशेजारचे बोट लांब असते, त्यांनी त्या बोटापासून मोजावे. ही जागा नसेल तर उतारावर बोटे पुढे आपटतात आणि नखे काळी पडतात. साताऱ्याची डोंगरावरची अर्धमॅरेथॉन धावलेल्यांना यवतेश्वरचा घाट उतरताना याचा अनुभव आला असेल. चवड्याच्या ठिकाणी बूट दाबता कामा नये आणि टाच मागे सरकता कामा नये. टाच निसटत असेल तर अगदी वरच्या जादा छिद्रातून नाडी ओवून पाहावी. दुकानात किंवा दारात पाच मिनिटे धावून पाहावे. वापरून सैल होईल, या दुकानदाराच्या आश्वासनावर विसंबून चावणारा बूट घेऊ नये.

नवे बूट आधी तीन-चार किलोमीटरच्या धावण्यात वापरावेत, हळूहळू अंतर वाढवावे आणि मग एखाद्या लांब सरावात तपासावेत. शर्यतीच्या दिवशी नवे बूट घालणे म्हणजे रोममधली ती अडचण स्वतःहून ओढवून घेणे. अबेबेकडे निदान अनवाणी धावण्याचा पर्याय होता, आपल्याकडे तोही नाही. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर सोलची गादी दबते. वरून बूट नवा दिसला तरी तो लांब पल्ल्यातून निवृत्त करावा.

बूट चांगला असला म्हणजे सगळे निभावते, असेही नाही. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीला तिसऱ्या सुवर्णाची संधी होती. शहर २२४० मीटर उंचीवर, म्हणजे अबेबेला सवयीचे. पण त्याच्या डाव्या पायाच्या नडगीशेजारच्या बारीक हाडाला भेग पडली होती. साधारण १७ किलोमीटरनंतर त्याला थांबावे लागले. त्याचाच सहकारी मामो वोल्दे याने ती शर्यत जिंकली. सतत भार पडल्याने हाडात सूक्ष्म तडे जातात आणि विश्रांतीच्या काळात ते भरून येतात. भरण्यापेक्षा तडे जाण्याचा वेग वाढला की अशी भेग पडते. हाडावर एका विशिष्ट जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल आणि धावताना ते वाढत असेल, तर बूट बदलून उपयोग नाही. धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवणे हाच उपाय.

मार्च १९६९ मध्ये अदिस अबाबाजवळ अबेबेच्या मोटारीला अपघात झाला. मज्जारज्जूला इजा झाली आणि तो पुन्हा कधी चालू शकला नाही. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात त्याच्यावर कित्येक महिने उपचार झाले. हेच ते रुग्णालय, जिथे डॉ. लुडविग गुटमान यांनी अपंग सैनिकांसाठी सुरू केलेल्या खेळांतून पुढे पॅरालिम्पिक चळवळ उभी राहिली. अबेबेच्या हातांत हळूहळू बळ आले. १९७० मध्ये तो तिथल्या स्पर्धेत धनुर्विद्या आणि टेबल टेनिस खेळला. पुढच्या वर्षी नॉर्वेत बर्फावरच्या घसरगाडीची शर्यतही त्याने जिंकली.

मज्जारज्जूला इजा झाली की बहुतेकदा पायांतली जाणीवही जाते किंवा कमी होते. आपल्याकडे अशी जाणीव कमी होण्याचे मोठे कारण आहे मधुमेह. सोय पाहून बूट घ्यावा, हा वरचा सगळा सल्ला पायाला कळते या गृहीतावर उभा आहे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्याचा पाय बधिर झाला असेल तर चावणारा बूटही त्याला मऊ वाटतो आणि फोडाची जखम होईपर्यंत पत्ता लागत नाही. अशांनी अनवाणी धावणे तर टाळावेच, शिवाय बूट डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा, घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा घडी तर नाही ना हे पाहावे आणि धावून आल्यावर तळवे डोळ्यांनी तपासावेत. पायाला जे कळत नाही, ते डोळ्यांनी पाहावे लागते.

२५ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने अबेबेचे निधन झाले. त्यामागे चार वर्षांपूर्वीच्या अपघाताची गुंतागुंत होती. अदिस अबाबातील त्याच्या अंत्ययात्रेला मोठा जनसमुदाय लोटला. सम्राटही आले होते. रोममधला तो अक्सुमचा स्तंभ २००५ मध्ये इथिओपियाला परत मिळाला.

२०१० मध्ये, त्या विजयाच्या पन्नासाव्या वर्षी, इथिओपियाच्याच सिराज गेना याने रोमची मॅरेथॉन जिंकली. अबेबेच्या स्मरणार्थ त्याने बूट काढले आणि तो अनवाणी अंतिम रेषेकडे धावला. मात्र हे त्याने केले ते शेवटच्या काही शे मीटरांत. त्याआधीचे एकेचाळीस किलोमीटर तो आपल्या पायाला नीट बसणाऱ्या, सवयीच्या बुटांतच धावला होता.